सौदी उन्हाळ्यातील पक्षिनिरीक्षण : असीरच्या शिखरांवर आणि सांडपाण्याच्या तळ्यांकाठी

जून उजाडला की सौदी अरेबियातील भारतीय कुटुंबांची मायदेशी जाण्याची लगबग सुरू होते. शाळांना सुट्ट्या लागतात, विमानाची तिकिटे महागतात आणि रियाधमध्ये दुपारचा पारा ४३-४४ अंशांवर स्थिरावतो. ज्यांना रजा मिळत नाही किंवा ज्यांनी यंदा इथेच राहायचे ठरवले आहे, त्यांच्यासमोर प्रश्न उभा राहतो तो चार दिवसांच्या सुट्टीचे काय करावे, हा. पक्षिनिरीक्षणाचा विचार सहसा कोणी करत नाही. वाळवंटात पक्षी पाहायचे तर ते हिवाळ्यात, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

ही समजूत अर्धी खरी आहे. सौदी अरेबियात आजवर साडेचारशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले असून त्यांतील मोठा भाग वसंतात व शरदात येथून जाणाऱ्या किंवा हिवाळ्यापुरत्या उतरणाऱ्या पाहुण्यांचा आहे. मात्र या भूमीचे म्हणावेत असे पक्षी उन्हाळ्यातही येथेच असतात. ते आढळतात मुख्यतः दोन प्रकारच्या ठिकाणी : जिथे उंचीमुळे गारवा टिकला आहे तिथे, आणि जिथे माणसाने वापरून सोडलेले पाणी साचले आहे तिथे. या दोन्ही जागा अरुंद आहेत आणि दोहोंचे भवितव्य माणसाच्या निर्णयांवर अवलंबून आहे. उन्हाळी सहलीची आखणी करताना ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर कुठे जावे आणि कसे वागावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

असीर : मोसमी वाऱ्यांचा अखेरचा कोपरा

ताइफपासून दक्षिणेकडे येमेनच्या सीमेपर्यंत तांबड्या समुद्राला समांतर अशी सरवत पर्वतांची रांग गेली आहे. सह्याद्रीप्रमाणेच तिची पश्चिमेकडील बाजू तुटलेल्या कड्यांची आहे आणि कड्यांखाली कोकणासारखीच किनारपट्टी आहे. तिला तिहामा म्हणतात. अबहा शहर सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे, तर जवळचा सूदा डोंगर सुमारे ३,००० मीटरपर्यंत पोहोचतो. रियाध भाजून निघत असताना अबहात दुपारचे तापमान तीस अंशांच्या आसपास असते. हिंदी महासागरावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांचा एक कोपरा इथे लागतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर ढग कड्यावर चढतात, धुके उतरते आणि पाऊसही पडतो. कोकणातील पावसाची आठवण काढणाऱ्यांना सौदीत याहून जवळचे काही सापडणार नाही.

या उंचीवर ज्युनिपर वृक्षांची राने आहेत आणि या रानांत या देशाचा एकमेव प्रदेशनिष्ठ पक्षी राहतो. तो म्हणजे असीर मॅगपाय, अरबीत ‘अकअक’. प्रदेशनिष्ठ म्हणजे सौदी अरेबियाबाहेर जगात कुठेही न आढळणारा. हा कावळ्याच्या कुळातला, काळ्यापांढऱ्या रंगाचा, लांब शेपटीचा पक्षी आहे. युरोपातील त्याच्या भाऊबंदांपेक्षा त्याचा रंग अधिक काळपट आणि आवाज अधिक खोल, कण्हल्यासारखा असतो. काटक्यांचे घुमटाकार घरटे तो झाडावर बांधतो. अलीकडच्या अंदाजांनुसार त्याच्या केवळ शे-दीडशे जोड्या उरल्या आहेत आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. अबहाच्या उत्तरेस तनूमा आणि नमास या गावांच्या परिसरातील उंच राने हे त्याचे मुख्य आश्रयस्थान आहे. वसंतातील वीण उन्हाळ्यापर्यंत आटोपलेली असते. त्यामुळे या दिवसांत उडायला शिकलेल्या पिलांसह फिरणारे एखादे कुटुंब दिसण्याची शक्यता असते.

या पक्ष्याची शास्त्रीय ओळख जगाला १९३६ साली झाली. अमेरिकन पक्षितज्ज्ञ जॉर्ज लॅटिमर बेट्स याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. असीरमधील पक्ष्यांचे नमुने लंडनला पाठवणारा संग्राहक होता हॅरी सेंट जॉन फिल्बी. याची कारकीर्द भारतीय सनदी सेवेत, पंजाबात सुरू झाली होती. पुढे तो राजे अब्दुलअझीझ यांचा सल्लागार झाला. (ब्रिटिश गुप्तचर खात्यात राहून सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा किम फिल्बी हा त्याचा मुलगा. त्याचा जन्म अंबाल्याचा.) फिल्बीने अरबस्तानातील पक्ष्यांना आपल्या आप्तस्नेह्यांची नावे मिळवून दिली. अरबी सुताराच्या शास्त्रीय नावातील ‘डोरे’ म्हणजे त्याची पत्नी डोरा. चकोराच्या गणातील एका पक्ष्याला तर खुद्द त्याचेच नाव आहे.

फिल्बीचा हा चकोर आणि काळ्या डोक्याचा अरबी चकोर हे दोघेही उन्हाळ्यात सकाळच्या वेळी दगडी उतारांवर दिसतात. त्यांखेरीज अरबी सुतार, येमेनी कस्तूर, अरबी रणगोजा, येमेनी लिनेट आणि अरबी सेरीन हे केवळ अरबस्तानाच्या नैर्ऋत्य भागात आढळणारे पक्षी दोन-तीन दिवसांत पाहता येतात. कस्तूर दाट झाडीत, जमिनीलगत आणि पहाटेच्या अंधुक उजेडात शोधावा. रात्री ओढ्याकाठच्या झाडांतून अरबी शिंगळ्या घुबडाचा आवाज येतो.

सूदाजवळचे राइदा हे संरक्षित क्षेत्र अवघे नऊ चौरस किलोमीटरचे आहे. १९८९ साली त्याला संरक्षण मिळाले. कड्याच्या माथ्यापासून हजारभर मीटर खाली उतरणाऱ्या या चिंचोळ्या पट्ट्यात ज्युनिपरची राई संपून जंगली ऑलिव्हची आणि मग बाभळीची झाडी लागते. झाडी बदलते तसे पक्षीही बदलतात. प्रवेशाविषयी राष्ट्रीय वन्यजीव केंद्राकडे आधी चौकशी करूनच तिथे जावे.

ताइफ (उंची सुमारे १,८०० मीटर) आणि त्याच्या वरच्या अंगाचे शफा हे जेद्दातील वाचकांसाठी अधिक सोयीचे पर्याय आहेत. मुस्लिमेतर प्रवाशांनी जेद्दाहून जाताना मक्केच्या हद्दीबाहेरून जाणारा मार्ग धरायचा असतो. फलक स्पष्ट असतात, तरी निघण्यापूर्वी मार्ग पाहून ठेवावा.

तिहामा आणि फरसान : आफ्रिकेचे उन्हाळी पाहुणे

असीरच्या कड्यावरून खाली उतरले की तासाभरात हवा आणि पक्षी दोन्ही बदलतात. तिहामाची हवा उन्हाळ्यात दमट आणि असह्य असते, पण नेमक्या याच दिवसांत आफ्रिकेतून काही पक्षी विणीसाठी इथे येतात. राखी डोक्याचा खंड्या, जांभळ्या पाठीची मैना आणि पांढऱ्या गळ्याचा वेडा राघू हे त्यांतले ठळक. स्वर्गीय नर्तकाचा आफ्रिकी भाऊ, अबदीम बलाक आणि हातोडीसारख्या डोक्याचा तपकिरी हॅमरकॉप हेही याच परिसरात दिसतात. जाझानजवळचे मलाकी धरण आणि डोंगरपायथ्याच्या वाद्यांमधील बागायती शेते ही त्यांची हमखास ठिकाणे. सूर्योदयापासून पुढचे दोन-अडीच तास पाहावे आणि मग सरळ डोंगर चढून गारव्याला परतावे, हा येथील शहाणपणाचा क्रम.

जाझान बंदरातून बोटीने फरसान द्वीपसमूहावर जाता येते. १९९६ पासून तो संरक्षित आहे आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. अशी मान्यता मिळालेले हे सौदी अरेबियातील पहिले क्षेत्र होय. येथे गुलाबी पाठीचे पाणकोळी, पांढऱ्या डोळ्याचा कुरव, मासे धरणारा कैकर आणि क्रॅब प्लोव्हर हा खेकडे खाणारा काळापांढरा किनारपक्षी आढळतो. क्रॅब प्लोव्हर वाळूत बीळ खणून आत एकच पांढरे अंडे घालतो. किनारपक्ष्यांत ही रीत त्याची एकट्याची. हिवाळ्यात हाच पक्षी जामनगरच्या किनाऱ्यावर दिसतो.

काजळी ससाण्याचा दिनक्रम तर पंचांग पाहून आखल्यासारखा असतो. तो ऐन उन्हाळ्यात अंडी घालतो, म्हणजे पिले भुकेली असतात तेव्हा युरोप-आशियातून दक्षिणेकडे निघालेल्या लहान पक्ष्यांचे थवे समुद्रावरून जाऊ लागलेले असतात. पिले मोठी झाली की तो स्वतः मादागास्करची वाट धरतो.

सांडपाण्याची तळी : माणसाने नकळत घडवलेले पाणवठे

सौदी अरेबियात बारमाही नैसर्गिक नदी एकही नाही. तरीही रियाधच्या दक्षिणेस अल् हाइरच्या दिशेने वर्षभर पाणी वाहते. वादी हनीफा या सुमारे १२० किलोमीटर लांबीच्या खोऱ्यातून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी आणि जमिनीतून झिरपणारे पाणी पुढे जाते. कधीकाळी कचऱ्याने भरलेल्या या खोऱ्याचे पुनरुज्जीवन झाले आणि त्या कामाला २०१० साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. आज तिथे बोरूची बेटे आहेत. पाणकोंबड्या, रातबगळे, ढोकरीसारखा दिसणारा स्क्वॅको बगळा, पांढऱ्या छातीचा खंड्या आणि बोरूत लपून गाणारे वटवटे यांच्यासाठी उन्हाळ्यातली पहाट पुरेशी असते. लाल मुनिया आणि रेघाळ सुगरण हे आपल्याकडचे पक्षीही येथे आहेत. पिंजऱ्यांतून सुटलेल्या पक्ष्यांची ही प्रजा आता बोरूत सुखाने नांदते.

पूर्व किनाऱ्यावर जुबैलच्या औद्योगिक नगरीजवळ सबखत अल् फस्ल हा असाच पाणथळ प्रदेश आहे. उद्योगनगरीतून सोडलेले पाणी खारवटलेल्या सपाट जमिनीवर पसरले आणि तिथे रोहित पक्ष्यांचे थवे येऊ लागले. रोहित म्हणजे मुंबईकरांचे फ्लेमिंगो. उन्हाळ्यातही काही रोहित इथे राहतात. शेकाट्या, किनारी चिखल्या, छोटा सुरय आणि जांभळी पाणकोंबडी यांची वीण इथे होते. तापलेल्या जमिनीवरची अंडी वाचवण्यासाठी चिखल्या पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो. दुर्बिणीतून हा प्रकार पाहिला की इथल्या उन्हाळ्याचा पक्ष्यांच्या बाजूने अर्थ कळतो. पखुर्डीचा नर हीच युक्ती पुढे नेतो. तो पोटाच्या पिसांत पाणी शोषून घेतो आणि वाळवंटातल्या पिलांपर्यंत वाहून नेतो.

अल् अहसा मरूद्यानाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच्या पूर्वेचे अस्फर सरोवर खजुराच्या बागांतून निचरा होणाऱ्या पाण्यावर उभे आहे. दम्माम-खोबर परिसरातील वाचकांना हा एका दिवसाचा प्रवास आहे.

मराठी वाचकाला हे चित्र परके वाटू नये. भिगवणचे रोहित उजनी धरणाच्या फुगवट्यावर येतात. २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मधमेश्वर हेदेखील बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्यातून तयार झाले आहे. फरक एवढाच की धरण सहसा हलत नाही, पण सांडपाण्याची वाहिनी हलते. ज्या देशात पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग समुद्रातून गोडा करून आणावा लागतो, तिथे प्रक्रिया केलेले पाणी बागा आणि उद्योगांकडे वळवणे हे धोरण म्हणून योग्यच आहे. मात्र तसे झाले की तळे आटते. म्हणून अशा ठिकाणी जाण्यापूर्वी पाणी अजून तिथे आहे ना, याची अलीकडच्या नोंदींवरून खात्री करून घ्यावी लागते.

संरक्षणाची बाजू

अरबस्तानातील पक्षिप्रेमाला शिकारीची जुनी पार्श्वभूमी आहे. ससाण्याकरवी होबारा या माळढोकाच्या कुळातील पक्ष्याची शिकार हा इथला मानाचा खेळ. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अरब शिकारी होबारासाठी राजस्थानात आले, तेव्हा तिथे मोठा विरोध झाला होता. पुढे सौदी अरेबियाने स्वतःच दिशा बदलली. १९८६ मध्ये वन्यजीव संवर्धनासाठी राष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि ताइफला संशोधन केंद्र उभे राहिले. कुंपण घातलेल्या महाझत अस् सैद या विस्तीर्ण क्षेत्रात १९९१ पासून पैदास केंद्रात वाढवलेले होबारा सोडण्यात आले. आज ही जबाबदारी राष्ट्रीय वन्यजीव केंद्राकडे आहे.

याच केंद्राने जाझान व फरसान परिसरात एका परक्या पक्ष्याविरुद्ध नियंत्रण मोहीम चालवली आहे. त्याचे अरबी नाव ‘अल् गुराब अल् हिंदी’, म्हणजे आपला साधा कावळा. जहाजांवर बसून तो तांबड्या समुद्राच्या बंदरांत उतरला, शहरांतील उकिरड्यांवर वाढला आणि स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिले खाऊ लागला. साळुंकीही पिंजऱ्यातून सुटून शहरोशहरी पसरली आहे. पितृपक्षात ज्याची वाट पाहावी, तो पक्षी इथे उपद्रवी ठरतो. गच्चीवर त्याला अन्न घालण्याची सवय इथे सोडावी, हे बरे.

असीर मॅगपायपुढचा धोका मात्र कावळ्याहून मोठा आहे. ज्युनिपरची झाडे शेंड्याकडून वाळत जाण्याचा प्रकार गेल्या काही दशकांत अनेक ठिकाणी दिसून आला आहे. वाढते तापमान आणि कोरडेपणा ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. त्यातच असीरचे पर्यटन वेगाने वाढते आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सूदा पीक्स प्रकल्पाने २०३३ पर्यंत वर्षाला वीस लाख पर्यटकांचे लक्ष्य ठेवले आहे. पर्यटन आणि राने एकमेकांची वैरी असलीच पाहिजेत असे नाही. पक्ष्याला मोल आहे हे पर्यटकांनी दाखवून दिले, तर रान राखण्याचे कारणही सबळ होते. पण शे-दीडशे जोड्यांच्या बाबतीत चुकीला वाव फार थोडा असतो.

जाण्यापूर्वी

वेळ : पहाटे साडेपाच ते आठ आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास. सपाटीवर यापलीकडे थांबू नये. माणशी किमान चार-पाच लिटर पाणी गाडीत असावे.

साहित्य : आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरेशी आहे. तळ्यांकाठी तिवईवरील स्पॉटिंग स्कोप उपयोगी पडतो. ख्रिस्तोफर बोलँड आणि अब्दुल्ला अल् सुहैबानी यांचे २०२० मधील ‘बर्ड्स ऑफ सौदी अरेबिया’ हे सर्वांत उपयुक्त पुस्तक आहे. ओळखीच्या पक्ष्यांची मराठी नावे ताडून पाहायची असतील, तर मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हाताशी ठेवावा. मुलांना आनंद वाटेल असा एक शब्द मात्र कोशाविनाच कळतो. ‘हुदहुद’ हे नाव अरबीत आणि मराठीत एकच आहे.

रस्ता : सबखा म्हणजे वरून कोरडी दिसणारी खारी जमीन. तिच्या पातळ थराखाली चिखल असतो, म्हणून रुळलेली वाट सोडून गाडी घालू नये. असीरमध्ये दुपारच्या पावसाच्या वेळी वादीच्या पात्रात थांबू नये. वर पडलेला पाऊस खाली काही मिनिटांत लोंढा होऊन येतो. घाटात धुके असते. बबून वानरांना काहीही खायला घालू नये. येमेनच्या सीमेलगतच्या भागात जाण्यापूर्वी सुरक्षाविषयक सूचना पाहाव्यात.

कायदा आणि शिष्टाचार : इकामा किंवा पारपत्र जवळ ठेवावे. लष्करी तळ, विमानतळ, बंदरे आणि तेलप्रकल्प यांच्या दिशेने दुर्बीण किंवा लांब भिंगाचा कॅमेरा रोखू नये. परवान्याशिवाय ड्रोन उडवू नये. शेतात शिरण्यापूर्वी मालकाला सलाम करून विचारावे. बहुधा परवानगीबरोबर कहवाही मिळतो. घरे आणि कुटुंबे यांच्याकडे कॅमेरा वळवू नये. सुरय पक्ष्यांच्या विणीच्या बेटांवर उतरू नये, कारण माणसाच्या चाहुलीने पक्षी उठले की उघडी अंडी काही मिनिटांत उन्हाने नासतात. घुबड बाहेर यावे म्हणून ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नये. मॅगपायच्या घरट्याचे नेमके ठिकाण कोणत्याही समूहावर टाकू नये.

भारतातून किंवा अन्य देशांतून येऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. सप्टेंबर २०१९ पासून सौदी अरेबिया पर्यटक व्हिसा देते. अबहाची सहल त्यामुळे केवळ येथे नोकरी करणाऱ्यांपुरती राहिलेली नाही.

शेवटचे काम घरी परतल्यावर करायचे असते, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. किती पक्षी पाहिले, कुठे आणि केव्हा, हे ईबर्डसारख्या खुल्या नोंदवहीत भरावे. कोणता पक्षी दिसला नाही, हेही त्या यादीवरून कळत असते. उन्हाळ्यात हौशी निरीक्षक मायदेशी जातात आणि नोंदी विरळ होतात. नेमक्या याच महिन्यांत असीरची पिले रानात फिरत असतात आणि तळी आटण्याच्या बेतात असतात. रजा न मिळाल्याने मागे राहिलेल्या कुटुंबाने एका पहाटे वादी हनीफाच्या काठी मोजलेल्या पाणकोंबड्या हा पुढे त्या पाण्याच्या बाजूने दिलेला पुरावा ठरू शकतो.